सायकल कोठे बनली हे कसे शोधावे आणि त्यावरून किती ठरवावे

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली की ज्या नळीत पेडलचा एक्सल बसतो तिचे बूड वर येते. तेथे बहुधा एक क्रमांक ठोकलेला असतो, आणि जवळच किंवा सीटखालच्या उभ्या नळीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा एक स्टिकर असतो, त्यावर देशाचे नाव छापलेले असते. नवी सायकल घेणारे बरेच जण हा स्टिकर वाचतात आणि तिथल्या तिथे निकाल लावून मोकळे होतात. अमुक देश असेल तर माल पक्का, तमुक असेल तर आपण फसलो. हा निकाल घाईचा आहे असे मला वाटते, कारण तो स्टिकर दर्जा सांगण्यासाठी नसतोच, तो सीमाशुल्काच्या नियमांमुळे लावलेला असतो.

माल कोठला हे ठरवताना साधारणपणे त्याच्यावर शेवटची महत्त्वाची प्रक्रिया कोठे झाली ते पाहिले जाते. सायकलीच्या बाबतीत ही प्रक्रिया कधी फ्रेमचे वेल्डिंग असते, तर कधी निव्वळ जुळणी. त्यामुळे एका देशात जोडलेली, दुसऱ्या देशात रंगवलेली आणि तिसऱ्या देशात पूर्ण झालेली सायकल अंगावर एकच नाव घेऊन फिरते, आणि टायर इंडोनेशियाचे, चेन तैवानची, ब्रेक मलेशियातले हा तपशील त्या नावामागे झाकला जातो. म्हणून पहिले काम हे की सायकलीचा एकच जन्मदेश शोधण्याऐवजी तिच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्यात: फ्रेम आणि चिमटा (पुढचे चाक धरणारा भाग) कोठे बनले, फिरणारे भाग कोठे बनले आणि अखेरची जुळणी कोणी केली.

शोध कसा घ्यावा

फ्रेमवरचा स्टिकर पाहताना त्यातले क्रियापद नीट वाचावे. 'मेड इन' हे एक विधान झाले. 'डिझाइन्ड इन' किंवा 'इंजिनिअर्ड इन' यांचा अर्थ एवढाच की कागदावरचे काम तेथे झाले, आणि 'असेम्बल्ड इन' म्हणजे बाहेरून आलेले भाग तेथे पान्ह्याने जोडले. मोठ्या अक्षरात एका देशाचे कौतुक आणि पारदर्शक स्टिकरवर बारीक अक्षरात दुसऱ्या देशाचे नाव ही मांडणी बेकायदा नसते, मात्र ती सहज घडलेलीही नसते.

ठोकलेल्या क्रमांकाकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी असल्यामुळे अमुक अक्षर म्हणजे अमुक देश असा सर्वांना लागू पडणारा नियम नाही. तरीही हा क्रमांक कंपनीला कळवून फ्रेम कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या महिन्यात बनली हे विचारता येते, आणि काही कंपन्या त्याचे सरळ उत्तर देतात. उत्तर टाळले गेले तर तीही माहितीच समजावी.

सुट्या भागांवरच्या खुणा मात्र बोलक्या असतात. क्रँकची (पेडल जिला जोडलेले असते त्या दांडीची) आतली बाजू, हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) मधला भाग, ब्रेकच्या दांड्याची मागची बाजू, टायरची भिंत आणि सीटचे बूड या जागा टॉर्च घेऊन पाहिल्या तर अर्ध्या तासात बराचसा नकाशा उलगडतो. शिमानो ही जपानमधील साकाई येथे १९२१ साली सुरू झालेली कंपनी, पण तिचे कारखाने सिंगापूर, मलेशिया आणि चीन येथेही आहेत. स्राम मूळची शिकागोची, तरी तिच्या उत्पादनाचा मोठा भाग तैवानमध्ये होतो. एकाच सायकलीवर शिमानोचे चार भाग असून त्यांवर तीन देशांची नावे दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्यात फसवणुकीचा भाग काही नाही.

सायकली तेथेच का बनतात

आज जगातील सर्वाधिक सायकली चीनमध्ये बनतात. मध्यम आणि महाग सायकलींसाठी तैवानचे, त्यातही ताइचुंगच्या परिसराचे, नाव घेतले जाते. हे एका दिवसात घडलेले नाही. जायंट ही कंपनी १९७२ साली तैवानमध्ये सुरू झाली ती दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनवून देण्यासाठी. अमेरिकेतील श्विन कंपनीच्या शिकागो येथील कारखान्यात १९८० साली संप झाला आणि श्विनने आपल्या मागणीचा मोठा हिस्सा जायंटकडे वळवला. सायकली वेळेवर हव्या होत्या म्हणून श्विनने आपले ज्ञानही तिकडे पोहोचवले. जायंटने लवकरच स्वतःच्या नावाने विक्री सुरू केली आणि १९९२ साली श्विनवर दिवाळखोरीची पाळी आली. कंत्राटदार मालकापेक्षा मोठा झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसऱ्या धंद्यात क्वचितच सापडेल.

तैवानमध्येच १९७२ साली सुरू झालेल्या मेरिडाने पुढे २००१ मध्ये अमेरिकेच्या स्पेशलाइज्ड कंपनीत मोठा हिस्सा विकत घेतला. स्वस्त माल चीनकडे सरकू लागला तेव्हा, २००३ साली, जायंट आणि मेरिडा या दोन स्पर्धकांनी सुटे भाग बनवणाऱ्यांना सोबत घेऊन 'ए-टीम' नावाची संघटना उभी केली आणि तैवानमध्ये फक्त वरच्या दर्जाचे काम ठेवण्याचे धोरण आखले. रिम, हब, चेन, सीट, रंग आणि चाचणी असे सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणे हे त्या परिसराचे खरे भांडवल आहे. वेल्डरला नळीचा दोष दिसला तर नळी बनवणारा त्याच दिवशी समोर येऊन उभा राहू शकतो, आणि हा फायदा मजुरीच्या दरात मोजता येत नाही.

बाकीच्या नकाशात जकातीचा हात मोठा आहे. युरोपीय संघाने १९९३ पासून चिनी सायकलींवर जादा शुल्क बसवले आणि २००५ मध्ये ते ४८.५ टक्क्यांपर्यंत नेले. त्यानंतर कंबोडियासारख्या देशातून युरोपात जाणाऱ्या सायकली वाढल्या त्या तेथे सायकलीची जुनी परंपरा होती म्हणून नव्हे. पोर्तुगालची गोष्ट निराळी आहे. आगेदा आणि आसपास सायकल व सुट्या भागांचा उद्योग आधीपासून होता, तो वाढत गेला आणि २०१९ साली सुमारे २७ लाख सायकली बनवून पोर्तुगाल युरोपीय संघात पहिला आला. लुधियाना हे असेच आणखी एक मोठे केंद्र, मुख्यतः मजबूत पोलादी सायकलींचे. उलट इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील रॅले या सायकल कंपनीचा प्रचंड कारखाना २००२ साली बंद झाला, तर घडीची ब्रॉम्प्टन अजूनही लंडनमध्येच बनते. 'परदेशी उत्पादन' हा शब्दच यामुळे ढिला पडतो, कारण अनेक देशांत बहुतेक सायकली ग्राहकांसाठी परदेशीच असतात.

दर्जा नेमका कोठे ठरतो

एकाच कारखान्यात, एकाच छपराखाली, एका ओळीत साधी सायकल आणि दुसऱ्या ओळीत शर्यतीची सायकल बनते. दोन्हींवर देशाचे नाव एकच असते. फरक पडतो तो मागणीपत्रातील अटींमुळे: नळीची जाडी किती, मापात किती सूट चालेल, शंभरातल्या किती फ्रेम तपासायच्या, नापास फ्रेमचा खर्च कोणी सोसायचा. कंपनी यासाठी पैसे मोजत असेल आणि आपला माणूस कारखान्यात बसवत असेल तर माल चांगला येतो. सर्वांत कमी भाव देणाऱ्याला काम द्यायचे आणि माल बंदरावर आला की पाहायचे असे धोरण असेल तर तोच कारखाना त्या भावाचा माल देतो.

अॅल्युमिनियमच्या फ्रेमचे उदाहरण घेऊ. ६०६१ हा मिश्रधातू सायकलीसाठी फार वापरला जातो. वेल्डिंग करताना सांध्याच्या दोन्ही बाजूंची धातू तापून मऊ पडते, म्हणजे जेथे सर्वांत जास्त ताण येणार तेथेच फ्रेम दुबळी होते. ते भरून काढण्यासाठी संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला भट्टीत तापवून एकदम थंड केली जाते. या घाईच्या थंडीने फ्रेम थोडी वाकडी होते, पण ती अजून मऊ असते, त्यामुळे लगेच पाटावर घेऊन सरळ करता येते. त्यानंतर दुसऱ्या भट्टीत, पावणेदोनशे अंशांच्या आसपास, काही तास ठेवली की तिला कायमचा कणखरपणा येतो. आता समजा सरळ करण्याचे काम त्या दिवशी राहून गेले आणि फ्रेम आपोआप कडक होऊ लागल्यावर कोणी ती जोर लावून वाकवली. बाहेरून ती निर्दोष दिसेल, रंग झकास असेल, आणि आत कायमचा ताण बसलेला असेल. ही चूक कोणत्याही देशात होऊ शकते. ती होऊ नये म्हणून वेळापत्रक पाळणारा मुकादम लागतो.

कार्बनच्या फ्रेममध्ये माणसाच्या हाताचा वाटा आणखी मोठा असतो. राळ भिनवलेले कार्बनचे कापड शीतगृहात ठेवतात, त्याचे लहान-मोठे शेकडो तुकडे कापतात आणि ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने, हातानेच साच्यासाठी रचतात. मग आतून दाब आणि बाहेरून उष्णता देऊन ते एकजीव केले जातात. एक तुकडा दुमडला, दोन थरांत हवा अडकली किंवा दाब कोपऱ्यापर्यंत पोहोचला नाही तर ती जागा कमजोर राहते. हे काम वर्षानुवर्षे करणारे सर्वाधिक हात आज तैवान, चीन आणि व्हिएतनाम येथे आहेत. म्हणूनच इटलीच्या कोल्नागोसारख्या, १९५४ पासूनच्या, नावाजलेल्या कंपनीने आपली 'सी' मालिका इटलीत ठेवली आणि शर्यतीची 'व्ही' मालिका आशियात बनवून घेतली. सायकलपटू तादेय पोगाचार २०२० आणि २०२१ साली टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला तेव्हा रस्त्यावरच्या टप्प्यांत त्याच्याखाली हीच 'व्ही' मालिका होती.

उलट बाजूचे उदाहरण तितकेच बोलके आहे. शिमानोच्या वरच्या दर्जाच्या, जपानमध्ये बनलेल्या अकरा गिअरच्या क्रँक दोन भाग चिकटवून केलेल्या असत. २०१२ ते २०१९ या काळातल्या काही क्रँकमध्ये हे भाग सुटू लागले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीला तपासणीची मोहीम जाहीर करावी लागली. एकट्या उत्तर अमेरिकेत सुमारे ७ लाख ६० हजार क्रँक तिच्या कक्षेत आल्या. जपानच्या कारागिरीबद्दल शंका घेण्याचे यात कारण नाही, मात्र 'जपानी आहे, पाहायची गरज नाही' हा समज किती पातळ आहे ते यातून दिसते.

दूरच्या उत्पादनाचा परिणाम मुळीच होत नाही असेही मी म्हणणार नाही, फक्त तो लोक शोधतात तेथे नसतो. तो वेळेत असतो: दोष लक्षात येईपर्यंत त्याच साच्यातला पुढचा माल जहाजावर चढलेला असतो. तो जबाबदारीत असतो: नाव एकाचे, फ्रेम दुसऱ्याची, आयात तिसऱ्याची, आणि तक्रार घेऊन जाणारा या तिघांमध्ये चेंडूसारखा फिरतो. आणि तो सर्वांत जास्त शेवटच्या जुळणीत असतो, कारण लांबच्या प्रवासासाठी सायकल अर्धवट जोडून खोक्यात भरली जाते. पुढचे चाक, हँडल, सीट आणि पेडल बसवणारा हात कारखान्याचा नसतो. चिमटा उलटा बसवलेल्या, म्हणजे पुढचा ब्रेक मागच्या बाजूला आलेल्या, नव्या कोऱ्या सायकली मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे न कळल्याने क्रँकचे आटे खाल्ले गेल्याचेही पाहिले आहे. यातला कोणताही दोष कारखान्यातून आलेला नव्हता.

स्वतः तपासणी कशी करावी

आधी कागद पाहावा. आयएसओ ४२१० हे सायकलींच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा उल्लेख फ्रेमवर किंवा पुस्तिकेत असावा. या मानकातील एका चाचणीत फ्रेमवर पेडल मारल्यासारखा भार आलटून पालटून १ लाख वेळा टाकतात आणि तडा जातो का ते पाहतात. उल्लेख असणे म्हणजे उत्कृष्टता नव्हे, ती किमान पायरी आहे. पण तो उल्लेखच नसेल आणि विचारल्यावर कोणाला काही सांगता येत नसेल तर देश कोणताही असो, ती सायकल सोडून द्यावी.

मग सांधे पाहावेत. वेल्डिंगची रेघ एकसारख्या लहान लहान लाटांची, नळीच्या पूर्ण घेराला लागलेली असावी. मध्येच तुटलेली, भोक पडलेली किंवा शेजारची नळी खाल्लेली रेघ वाईट. मात्र अगदी गुळगुळीत सांधा पाहूनही भुलू नये, कारण तो घासून किंवा लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केलेला असू शकतो. मुद्दाम गुळगुळीत केलेले चांगले सांधेही असतात, म्हणून येथे डोळ्यांपेक्षा पुढची चाचणी जास्त खरी.

एक लांब दोरा घ्यावा. मागचे चाक काढून दोऱ्याचे एक टोक चाक बसण्याच्या एका खाचेला बांधावे, दोरा हँडलखालच्या, फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला पुढून वळसा घालून परत आणावा आणि दुसऱ्या खाचेला ताणून बांधावा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली पाहिजेत. एखाद्या मिलिमीटरचा फरक दोऱ्याच्या हिशेबात सोडून द्यावा, पण तो तीन-चार मिलिमीटरवर गेला तर फ्रेमचे मागचे अंग एका बाजूला गेलेले आहे. तशी सायकल हात सोडले की एकीकडे ओढते आणि टायर एका बाजूने झिजवते. ही साधी चाचणी दुकानात करू द्या म्हटले की काही दुकानदारांचा चेहरा उतरतो, पण मागणी अवाजवी नाही.

चाक हवेत फिरवून रिम ब्रेकच्या पॅडजवळून कशी जाते ते पाहावे. थोडा आऊट असेल, म्हणजे रिम जराशी डुलत असेल, तर तो काढता येतो. नंतर आऱ्या दोन बोटांनी जोडीने दाबाव्यात आणि नखाने छेडून त्यांचा आवाज ऐकावा. डिस्क ब्रेक नसलेल्या पुढच्या चाकात सगळ्यांचा सूर जवळजवळ एक यावा. मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या आऱ्यांचा सूर चढा असतो, तेव्हा तुलना त्या त्या बाजूपुरती करावी. एखादी आरी थडथड वाजली तर ती ढिली आहे, आणि शेजारच्या आऱ्या तिचा भार वाहून लवकर तुटतील. मशीनवर घाईने बांधलेल्या चाकांचा हा नेहमीचा दोष आहे.

चाकाचा एक्सल बोटांत धरून फिरवावा. तो मऊ फिरावा, वाळू भरल्यासारखा खरखरू नये, आणि चाक बाजूंनी हलवल्यावर खेळ जाणवू नये. एका बऱ्यापैकी महाग नव्या सायकलीचे मागचे हब मी कुतूहलापोटी उघडले, तेव्हा आत छर्रे जवळजवळ कोरडे निघाले, ग्रीस नावापुरते एका कडेला लागलेले. फ्रेमवरचे देशाचे नाव सर्वांनी वाखाणावे असेच होते. तेव्हापासून छर्ऱ्यांचे हब असेल तर नव्या सायकलीतही ग्रीस पाहून घेण्याची मला सवय लागली आहे.

कार्बनच्या फ्रेमवर नाण्याने हलके ठोकून आवाज बदलतो का हे ऐकण्याची पद्धत आहे. थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. पण नळीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून ठाम निष्कर्ष काढू नये. चिमट्याची वर जाणारी नळी मोकळी करून आतून पाहता आली तर अधिक कळते: आतला पृष्ठभाग सुरकुत्या नसलेला आणि एकसारखा असेल तर रचना काळजीने झालेली आहे.

येथेच एका प्रसिद्ध युक्तिवादाचा समाचार घ्यायला हवा. बिननावाची कार्बन फ्रेम विकणारे सांगतात की ती नामांकित कंपनीच्याच कारखान्यातून, त्याच साच्यातून निघते. साचा फक्त बाहेरचा आकार देतो. आत कोणते कापड, किती थर आणि कोणत्या दिशेने रचले ते साच्याला ठाऊक नसते, आणि फ्रेमची ताकद त्यातच असते. स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे विकली जाणारी, चाचणीचे कागद दाखवणारी अनामिक फ्रेम विचारात घेण्यासारखी असू शकते. दुसऱ्याचे नाव चिकटवलेली बनावट फ्रेम मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती तुटल्यावर जबाबदार धरायला कोणीच नसते.

पैसे देण्यापूर्वी आणि नंतर

विक्रेत्याला देश विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. फ्रेमची हमी किती वर्षांची आहे आणि ती लेखी कोण देतो. गिअरचा मागचा भाग ज्या लहान पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर सुटा मिळतो का, कारण सायकल पडली की बहुधा तोच वाकतो आणि प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. आणि खोक्यातून काढल्यावर जुळणी कोणी केली. या तिन्हींची उत्तरे चटकन आली तर त्या सायकलीमागे कोणीतरी उभे आहे असे समजायला हरकत नाही.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आऱ्या थोड्या बसतात, ब्रेकच्या तारा ताणतात आणि क्रँकचे बोल्ट सैल होऊ शकतात, म्हणून एकदा सगळे पुन्हा आवळून घ्यावे. फ्रेमचा क्रमांक आणि क्रँकच्या आतल्या खुणा यांचा फोटो काढून पावतीसोबत ठेवावा, कारण कंपनी माल परत बोलावते तेव्हा ती या खुणांवरूनच बोलावते. शिमानोच्या त्या मोहिमेत क्रँकच्या मागे कोरलेली दोन अक्षरे पाहायची होती, त्यांपैकी पहिले वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे. 'केएफ' म्हणजे जून २०१२ आणि 'आरएफ' म्हणजे जून २०१९. या दोहोंमध्ये ज्याची अक्षरे येत होती त्याने ती क्रँक तपासून घ्यायची होती.